तान्ह्या बाळाला सामान किती हवे?



विषयाची पाटी वाचून काहींना हसू आले असेल. ज्या माणसाने सारा जन्म बोनस, हजेरीपट आणि कामावरून कमी केलेले लोक यांत घालवला, तो आता पाळण्याविषयी बोलणार! पण या दोन गोष्टी वाटतात तितक्या एकमेकींपासून दूर नाहीत. मी शाळा सातवीत सोडली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयात बसून, आणि त्यातही निम्मी पुस्तके कायद्याची. त्या कायद्याच्या पुस्तकांत एके ठिकाणी मला चक्क पाळणा, बिछाना आणि खुर्ची यांची यादी सापडली. दुकानदारांच्या याद्या मी पुढे पुष्कळ पाहिल्या, परंतु इतकी शहाणी यादी दुसरी पाहिली नाही. तिच्याकडे आपण ओघाने येऊच.

आधी दुकान पाहू. नागपूरला सीताबर्डीवर जा, किंवा घरबसल्या मोबाईलवर बोट फिरवा; मूल जन्मण्याआधी घरात काय काय आणून ठेवले पाहिजे याची यादी तयार मिळते. कठड्याचा पलंग, त्या कठड्याला आतून बांधायच्या मऊ गाद्या, लंगोट बदलण्याचे उंच टेबल, आंघोळीचा टब, टबात बसवायची छोटी खुर्ची, विजेवर हलणारा झुला, तिरपी आरामखुर्ची, चाकांचा वॉकर, चिमुकले कपाट, आणि या सर्वांना शोभेल अशा रंगाचा भिंतीवर चिकटवायचा कागद. पैसे नसले तरी अडत नाही, हप्ते आहेत. तीनेक वर्षांपूर्वी एका कंत्राटी कामगाराने मला आपल्या हप्त्यांचा कागद दाखवला होता. पगाराचा बराच मोठा घास त्यात जात होता. मी विचारले, "हे घ्यायला सांगितले कोणी?" तो म्हणाला, "भाऊ, सगळेच घेतात न." पुढे त्याच्या घरी जाण्याचा योग आला तेव्हा त्या पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि मूल आईच्या कुशीत होते. हप्ते मात्र चालूच होते. शेजारी बसलेली त्याची आजी म्हणाली, "पोराले का समजते पलंग कितीचा आहे?"

या आजीच्या बोलण्यात सगळे अर्थशास्त्र आले. तथापि नुसते 'जुने ते चांगले' म्हणूनही भागत नाही, कारण जुन्या वस्तूंतही जिवाला अपाय करणाऱ्या काही आहेत. म्हणून मी प्रत्येक वस्तूपुढे एक प्रश्न ठेवतो: ही गरज कोणाची? बाळाची, आईची, की बारशाला येणाऱ्या पाहुण्यांची? तिसऱ्या प्रकारच्या वस्तूंविषयी माझे काही म्हणणे नाही. ज्याला परवडते त्याने हौस करावी. पण कर्ज काढून करू नये.

आता बाळाची गरज म्हणजे काय ते पाहू. नवजात मूल चोवीस तासांपैकी चौदा ते सतरा तास झोपते. दर दोन-तीन तासांनी त्याला दूध लागते. त्याला स्वतःची ऊब नीट राखता येत नाही, मान सावरता येत नाही, आणि तोंडावर कापड आले तर ते हाताने बाजूला सारता येत नाही. तेव्हा त्याला हवे ते इतकेच: निजायला सपाट, घट्ट आणि कोरडी जागा, श्वासाला मोकळी वाट, ऊब, दूध, आणि डास-किड्यांपासून बचाव. सामानाची निवड या पाच गोष्टींवरून झाली पाहिजे.

निजण्याची जागा सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने सांगतो. बाळाला मऊमऊ गादी, भोवती लोड-तक्के, डोक्याखाली राईची उशी आणि वरून जाड रजई, ही आपल्या मायेची कल्पना. वैद्यक आज याच्या नेमके उलट सांगते. मऊ गादीत तान्ह्याचे तोंड रुतते. उशीने मान पुढे वाकते आणि कोवळी श्वासनळी दबते. रजई तोंडावर येते. अमेरिकेत १९९४ साली मुलांना पाठीवर निजवा अशी मोठी मोहीम निघाली, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या मुलांचे प्रमाण तिथे जवळजवळ निम्म्यावर आले. त्या मोहिमेत कोणतीही वस्तू विकत घ्यायची नव्हती! उताणे निजवायचे, गादी घट्ट ठेवायची, अंथरुणात दुसरे काही ठेवायचे नाही, एवढेच. आपल्याकडची कापसाची, नीट पिंजून घट्ट भरलेली पातळ गादी, किंवा चार पदरी गोधडी आणि तिच्याखाली मेणकापड, हे या कसोटीला पूर्ण उतरते. डोके चपटे होईल म्हणून राईची उशी घेणाऱ्या आयांना मी सांगतो की, मूल जागे असताना, आपण समोर बसून, त्याला दिवसातून थोडा थोडा वेळ पालथे खेळू द्यावे. डोक्याला आकारही येतो आणि मानेत बळही येते.

आणि ज्या वस्तू दुकानदार 'सुरक्षित' म्हणून विकतात त्यांचे काय झाले तेही ऐका. कठड्याला बांधायच्या त्या मऊ गाद्या आणि तिरपी निजण्याची आसने यांच्या विक्रीवर अमेरिकेने २०२२ साली कायद्याने बंदी घातली. ज्याची एक बाजू खाली सरकते असा पलंग तिथे २०११ पासून विकता येत नाही, कारण ती सरकती बाजू निखळून मुले फटीत अडकत होती. एका नामांकित कंपनीने आपले तिरपे हलते आसन २०१९ साली बाजारातून परत मागवले; सुमारे ४७ लाख नग विकले गेले होते, आणि त्यांत निजलेली मुले दगावल्याचे पुढे आले होते. तिरप्या आसनात मुलाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. मूल रडत नाही, धडपडत नाही; म्हणून कोणाला कळत नाही.

हीच कसोटी मग आपल्या झोळीलाही लावली पाहिजे. लुगड्याची झोळी ही आपल्या जिल्ह्यात घरोघर आहे, आणि तिला नावे ठेवणारा मी नव्हे. माझ्या माहितीतली अर्धी माणसे झोळीतच वाढली. पण झोळीत मूल वाकडे होते, पाठीची कमान होते, हनुवटी छातीवर येते. जागे माणूस शेजारी बसून पाहत असेल तर दिवसा थोडा वेळ झोळी चालेल. रात्रभर चालणार नाही. आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या मुलाला तर झोळीत निजवूच नये. झोळीत आडवी काठी घालून तळ सपाट करण्याची आपल्या बायकांची जुनी युक्ती आहे, ती चांगली आहे, पण तिनेही दोष पुरता जात नाही.

पाळण्याचे तसे नाही. लाकडी किंवा लोखंडी पाळण्याचा तळ सपाट असतो. तो बाजेशेजारी ठेवला म्हणजे मूल आईच्या हाताशी राहते आणि निजते मात्र वेगळ्या अंथरुणावर. बालरोगतज्ज्ञ आज हेच सांगतात: पहिले सहा महिने तरी मूल आईच्या खोलीत असावे, पण जागा स्वतंत्र असावी. तेव्हा पाळणा ही खरी गरजेची वस्तू आहे असे माझे मत आहे, फक्त तो चार-दोन गोष्टी पाहून घ्यावा. निजल्यावर झोका थांबवावा; झोका हा झोप येण्यापुरता आहे. कठड्याच्या दोन दांड्यांत सहा सेंटिमीटरहून जास्त अंतर नसावे. गड्याची तीन बोटे कशीबशी शिरतील एवढेच. त्याहून अधिक असेल तर मुलाचे अंग खाली घसरते आणि डोके वर अडकते. वर टांगलेली चिमणी-पोपटांची दोरी हाताला येईल इतकी लांब नसावी. आणि मूल हातांवर जोर देऊन उठू लागले, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांचे झाले, की पाळणा बंद करावा, कारण मग ते कठड्यावरून कलंडते.

आजोळहून आलेल्या जुन्या पाळण्याविषयी एक सूचना. जुन्या तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशावर ९० भाग दर दशलक्ष अशी मर्यादा आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधी रंगवलेल्या पाळण्याचा रंग पोपडे धरत असेल तर ते पोपडे मुलाच्या तोंडात जातात, आणि शिसे मेंदूला बाधते. असा रंग घरात घासू नये. सुताराकडून घराबाहेर, पाणी मारून काढवून घ्यावा, आणि गरोदर बाईने त्या जवळपास फिरकू नये. बिनरंगी सागवानी पाळणा दिसायला साधा, पण त्याच्याइतका चांगला दुसरा नाही.

मूल जमिनीवर निजवले तर पडण्याची भीती नाही, हे खरे आहे. उन्हाळ्यात, फरशीच्या घरात, तेच उत्तम. पण आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. पावसाळ्यात बांधीतले पाणी दाराशी येते आणि त्याबरोबर विंचू-साप येतात. मण्यार रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर निजलेल्यांना चावतो. तो चावा पुष्कळदा जाणवतही नाही. तेव्हा मातीच्या घरात पावसाळ्यातली बाळंतीण जमिनीवर निजवणे मला मान्य नाही. तिला बाज हवी, आणि बाजेला मच्छरदाणी हवी, तीही चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. मच्छरदाणी डासांना अडवते आणि सापालाही अडवते. शंभर-दोनशे रुपयांच्या छत्रीसारख्या जाळीत दिवसा मूल निजवता येते. इतक्या थोड्या पैशांत इतके काम करणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही, आणि दुकानाच्या यादीत ती बहुधा सर्वांत शेवटी असते.

बाज मात्र कसून घ्यावी. सैल, झोळ पडलेल्या बाजेवर मूल आईखाली घरंगळते. बाजेखाली शेगडी ठेवून शेक घेण्याची चाल अजून काही घरांत आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर तिच्यातून बिनवासाचा विषारी वायू निघतो, आणि धुराने मुलाची छाती भरते. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने आईची कंबर शेकावी, आणि ती पिशवीही मुलाच्या अंगाला लागू देऊ नये.

ऊब म्हटली की काचेची पेटी आठवते. भंडाऱ्यात उभे राहून या पेटीविषयी बोलताना जीभ जड होते. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. त्यानंतर काही घरांत 'पेटीत ठेवू नका' असे बोलणे मी स्वतः ऐकले आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, वजन कमी असेल, श्वास लागत असेल, आणि डॉक्टर सांगत असतील तर त्याला दवाखान्यात ठेवलेच पाहिजे. त्या यंत्रांना घरी पर्याय नाही. ते सामान समाजाने, म्हणजे सरकारने, पुरवायचे आणि सांभाळायचे आहे, आणि ते नीट आहे की नाही हे विचारण्याचा हक्क आपला आहे.

पण घरच्या उबेचा एक मोठा शोध टंचाईतून लागला, तो सांगितला पाहिजे. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. त्याच्या राजधानीत, बोगोटा शहरात, १९७८-७९च्या सुमारास एका प्रसूतिगृहात काचेच्या पेट्या कमी आणि कमी वजनाची मुले जास्त अशी अवस्था होती. तिथल्या एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी अशी मुले आईच्या उघड्या छातीशी उभी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारूचे पिल्लू जसे पोटाच्या पिशवीत राहते तसे. २०२१ साली भारतासह पाच देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कमी वजनाचे मूल जन्मल्याबरोबर असे छातीशी धरले तर मृत्यूंचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शाने घटते. यासाठी लागणारे सामान म्हणजे एक ओढणी. बापही मुलाला असे धरू शकतो, आणि धरावे. आपल्या पुरुषांची छाती नुसती सभेत फुगवण्यासाठी नाही!

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच बायकांना नवजात मुलांची देखभाल शिकवली. त्यांच्या कामाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रात आला, आणि त्यात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचे दाखवले होते. त्या आरोग्यदूतांच्या झोळ्यांत काय असे? तापमापक, वजनकाटा, श्वास देण्याची पिशवी, आणि मुलाला उबदार ठेवण्याची शिवलेली थैली. आज आपल्या आशाताई घरी येऊन मूल पाहून जातात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा, त्याची मुळे तिथे आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१९ साली पहिलटकरणीसाठी सुमारे दोन हजार रुपयांच्या सामानाची पेटी देण्याची योजना काढली. तिच्यातही लहान गादी, मच्छरदाणी, ब्लँकेट, लंगोट आणि तापमापक हीच नावे आहेत. फिनलंड देशाने १९३८ पासून गरीब आयांना, आणि १९४९ पासून सर्वच आयांना, बाळंतविडा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून दिला. त्या खोक्याच्या तळाशी गादी असे, आणि कपडे काढून घेतले की खोके हाच बाळाचा बिछाना! अट एवढीच की, आईने चौथा महिना संपण्याआधी डॉक्टरांकडे तपासून घ्यावे. पुठ्ठ्याच्या खोक्यात निजणे त्या देशात कोणाला कमीपणाचे वाटले नाही.

राहिलेल्या वस्तूंचा निकाल लवकर लावू. आंघोळीच्या टबाची गरज नाही. पाटावर बसलेल्या आजीचे लांब केलेले पाय हा आपला टब आहे, आणि भंडाऱ्याचे पितळी घंगाळ शेजारी असले की झाले. पाण्यात कोपर बुडवून ते कोमट आहे हे पाहावे. जन्मल्यावर पहिला दिवस मात्र आंघोळ घालू नये, नुसते पुसून कोरडे ठेवावे. लंगोट बदलायला उंच टेबल घेऊ नये. मूल पडते ते तिथूनच. सतरंजीवरून ते कुठे पडणार? कपाटाऐवजी एक पेटी पुरे. एका गोष्टीवर मात्र खर्च करा: छपराखाली कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर. श्रावणात लंगोट वाळत नाहीत आणि ओलसर लंगोटांनी मुलाची कातडी सोलते. ज्यांना दोन डझन सुती लंगोट आणि कोरडी दोरी मिळाली त्यांचे निम्मे काम झाले.

आणि चाकांचा वॉकर. कॅनडाने २००४ साली त्याची विक्री, जाहिरात आणि आयात पूर्णपणे बंद केली, कारण त्यात बसलेली मुले जिन्यावरून खाली जात होती, चुलीपर्यंत पोचत होती. शिवाय त्याने मूल लवकर चालते हेही खरे नाही. आपला पांगुळगाडा त्याहून शहाणा. वॉकरमध्ये मूल टांगलेले असते. पांगुळगाड्यामागे ते स्वतःच्या पायांवर उभे राहते, ढकलते, पडते, पुन्हा उठते. तो करायला सुताराला एक दिवस लागतो.

आता त्या कायद्यातल्या यादीकडे वळतो. कारखाना कायदा १९४८ साली झाला आणि १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. त्याच्या ४८व्या कलमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यावर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याची सक्ती केली. १९७६ साली ती संख्या तिसावर आणली गेली. या कलमाखाली केलेल्या नियमांत पाळणाघर कसे असावे ते बारकाईने लिहिले होते. दर मुलामागे वीस चौरस फूट जागा. प्रत्येक मुलाला योग्य पाळणा किंवा खाट, आणि बिछाना. मोठ्या मुलांना खेळणी. रोज स्वच्छ दूध. सावलीचे, कुंपण घातलेले अंगण. आणि या सर्वांत एक ओळ अशी की, मुलाला पाजताना किंवा त्याचे करताना आईला बसण्यासाठी खुर्ची किंवा तशी बैठक असावी.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ तिच्यावरच थांबलो. बाळाच्या सामानात आईची खुर्ची! दुकानदाराच्या यादीत ती नसते. कारण यादी बाळासाठी म्हणून छापलेली असते आणि आई गृहीत धरलेली असते. पण हिशेब करून पाहा. मूल दिवसरात्रीत आठ-दहा वेळा पिते, एकेका वेळी वीस-पंचवीस मिनिटे. म्हणजे आई रोज तीन-चार तास बसलेली असते, तीही बहुधा पाठीला आधार नसताना, मान वाकवून. कारखान्यात दिवसाचे चार तास असे वाकून काम असते तर आम्ही मागणीपत्र दिले असते. तेव्हा ज्या घरात एकच वस्तू घेण्याची ऐपत आहे त्यांना मी सांगेन की, पाळणा मागून आणा, पण आईला पाठ असलेली, पाय जमिनीला टेकतील अशी ठेंगणी खुर्ची घ्या. तेही जमत नसेल तर भिंतीशी गुंडाळलेली गादी ठेवा आणि कुशीखाली उशी द्या. बाळाला उशी नको, ती आईला हवी.

कागदावरचा पाळणा आणि खरा पाळणा यांत अंतर किती असते हेही मी पाहिले आहे. एका कारखान्यात पाळणाघराच्या खोलीला कुलूप असे. निरीक्षक येणार असे कळले की कुलूप उघडे, पाळण्यांवरची धूळ झटकली जाई, आणि दोन बायकांना मुलांसह आणून बसवत. दुसऱ्या एका ठिकाणी हजेरीपटावर बायका नेहमी एकोणतीसच. तिसावी आली की तिचे नाव ठेकेदाराच्या वहीत. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आपल्याच जिल्ह्यातल्या. खाणींसाठी पाळणाघरांचे नियम तर कारखाना कायद्याच्याही आधी, १९४६ साली झाले होते, आणि १९६६ साली ते नव्याने केले गेले.

विडी उद्योगाची गोष्ट याहून वाकडी. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्यानेही पन्नासांवर स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सांगितले. पण काम घरोघर वाटले की पन्नास बायका एका छपराखाली येतातच कुठे? सट्टेदार पाने आणि तंबाखू देतो, बाई घरी विड्या वळते. मांडीवर सूप आणि शेजारी मूल. त्या घरात पाळण्याच्या लाकडापेक्षा त्याची जागा महत्त्वाची. तंबाखूचे सूप आणि मूल एका खोलीत नसावे, आणि खोली एकच असेल तर मूल दाराच्या, वाऱ्याच्या बाजूला असावे. तंबाखू झाडणे अंगणात व्हावे. आणि मुलाला घेण्याआधी हात साबणाने धुवावेत. हे मी अनेक बैठकांत सांगितले आहे. बायका ऐकतात आणि विचारतात, "हात धुवाले उठलो तर हजार विड्या कवा पुऱ्या होतील?" या प्रश्नाचे उत्तर सुताराकडे नाही, दराच्या वाटाघाटीत आहे.

रोवणीच्या दिवसांत तर पाहायलाच नको. बाई चिखलात उभी, आणि बांधावरच्या झाडाला झोळी. त्या झोळीशेजारी आठ-नऊ वर्षांची पोर बसवलेली असते. झोळी हलवणे, मुंग्या झटकणे, मूल रडले की आईला हाक मारणे हे तिचे काम. ती त्या दिवशी शाळेत नसते. तेव्हा झोळी फुकट असते असे म्हणणाऱ्यांनी त्या पोरीच्या शाळेचा हिशेब धरावा. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर उघडले, आणि त्यातून 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. जिथे काम तिथे पाळणा, ही त्या संस्थेची रीत रोवणीच्या महिन्यापुरती तरी आपल्या गावांत का येऊ नये? केंद्र सरकारने २०२२ साली पाळणाघरांच्या जुन्या योजनेला 'पालना' असे नाव देऊन तिच्यात अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची सोय केली आहे. आपल्या गावच्या अंगणवाडीत ते आहे काय, एवढे तरी प्रत्येकाने घरी गेल्यावर विचारावे.

आणि पाळण्याच्याही आधीची वस्तू म्हणजे रजा. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाचा पाठपुरावा केला; मुंबई इलाख्याचा कायदा १९२९ साली झाला. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि मध्य प्रांतानेही १९३० साली असा कायदा केला, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. १९६१च्या कायद्याने देशभर बारा आठवडे पगारी रजा दिली. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक होऊन आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याचा हक्क मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या कामगार संहितांत विलीन झाले आहेत. सव्वीस आठवडे त्यांतही आहेत आणि पन्नासांची अटही आहे. घरी विड्या वळणारी आणि रोवणीला जाणारी बाई या पन्नासांत मोजली जात नाही.

जिला सव्वीस आठवडे मिळाले तिचे मूल सहा महिने आईजवळच असते, आणि पाळण्याचे आयुष्यही तेवढेच. येथे मला एक सूचना करायची आहे. पाळणा एका मुलाला पाच-सहा महिने लागतो आणि मग माळ्यावर जातो. तोच पाळणा दर सहा महिन्यांनी एका घरातून दुसऱ्या घरात गेला तर पाच वर्षांत दहा मुलांना पुरेल. आपल्याकडे शेजारून पाळणा मागून आणण्याची चाल आहेच, पण ओळख असेल त्यालाच तो मिळतो. वाचनालय पुस्तके फिरवते तसे महिला मंडळाने, बचतगटाने किंवा आमच्यासारख्या संघटनेने पाच-दहा सागवानी पाळणे आणि तितक्याच ठेंगण्या खुर्च्या ठेवाव्यात. सोबत वहीत नोंद असावी: कोणाकडे, केव्हा गेला, केव्हा आला. परत आल्यावर सुताराने कड्या, दोर आणि दांड्या तपासाव्यात, सैल खिळा दिसला तर तो काढून स्क्रू घालावा, आणि पाळणा उन्हात दोन दिवस ठेवून मगच पुढे द्यावा. पाळण्याबरोबर मच्छरदाणी द्यावी, पण ती परत मागू नये. ती त्याच घरात राहू द्यावी.